वनिता "उतरवा" म्हणेपर्यंत

किस्से कोणी मुद्दाम गोळा करत नाही. भाताच्या गंजाच्या, म्हणजे पातेल्याच्या, बुडाला खरपूड धरते तसे ते धरतात, घासायला बसलं की निघतात. आमचा बाभुळगावचा पाच बायांचा ग्रुप. लग्न असो, वास्तू असो की तेरवी, चूल आमची! मी त्यातली सगळ्यात म्हातारी आणि सगळ्यात तोंडाळ. शाळेनं मला घेतलं नाही. तेलाच्या पिंपांवरची अक्षरं बघून बघून मी वाचायला शिकले. डॉक्टरची चिठ्ठी सोडली तर आज सगळं वाचता येतं!

अलीकडे मात्र आमचे सगळे किस्से एकाच वस्तूचे. भूक मारायच्या इंजेक्शनचे. थोडे सांगते. हसायचं तेवढं आधीच हसून घ्या, मागून जमायचं नाही.

*

यवतमाळला एका बंगल्यावर साखरपुड्याचं जेवण होतं. घरमालकिणीनं चमचाभर भात घेतला आणि तोही टाकला. माझं डोकं फिरलं.

"बाई, काही चुकलं का आमचं?"

"नाही हो काकू! माझं वजनाचं इंजेक्शन सुरू आहे ना. आठवड्यातून एकदा. डॉक्टरांनी लिहून दिलंय. भूकच लागत नाही!"

माझ्या मायनं अख्खा जन्म भूक मारली. त्यासाठी डॉक्टरकडे जावं लागतं, हे तिला कोणी सांगितलंच नाही!

*

मग तेच इंजेक्शन आमच्यात आलं. पार्वती आमच्या पोळ्या लाटते. तिची शुगर वाढलेली, अंग सुटलेलं, गुडघे गेलेले. डॉक्टरनं तपासण्या करून लिहून दिलं. तिच्याकडे फ्रीज नाही, म्हणून ते इंजेक्शनचं पेन माझ्या फ्रीजच्या दारात, विरजणाच्या वाटीशेजारी.

खोटं कायले बोलू? तिला फायदा झाला. शुगर उतरली, पाटावरून हात न टेकता उठायला लागली. एक दिवस अर्धी पोळी बाजूला ठेवून म्हणते, "मावशी, पोट भरलं म्हणजे असं वाटते का वं? मले तर आतापर्यंत माहीतच नव्हतं!"

*

आता वनिता. आमच्यातली सगळ्यात लहान आणि आमची चाखणारी. आमचा नियम पक्का आहे. वरण, भाजी काहीही असो, तळहातावर थेंब घेऊन वनिता चाटणार आणि "उतरवा" म्हणणार. ती म्हणत नाही तोवर गंज चुलीवरून हलत नाही. मीसुद्धा स्वतः चाखायची इतक्या वर्षांची खोड सोडून तिचं ऐकते, अशी तिची जीभ!

तिचा नवरा दिनेश पुण्यात कंपनीत. वर्ष उलटलं तरी घरी आला नव्हता. एकदा आम्ही मेथी निवडत होतो आणि तिनं फोन स्पीकरवर टाकला.

"पुण्याले कधी नेता मले?"

"नेतो न! पण खोली लहान हाय. दारातून आत जाशील का तू?"

आम्ही सगळ्या हसलो. सगळ्यात जोरात वनिताच हसली.

त्या दिवसापासून तिनं व्हिडिओ कॉल बंद केला. नुसता आवाज. म्हणायची, "आता एकदमच दाखवीन त्यायले!"

*

आमच्या गल्लीत विरजणाला नाही म्हणत नाहीत. रात्री-अपरात्री कोणी वाटी घेऊन आलं तरी द्यायचं. वनितानं त्याच हक्कानं पार्वतीला म्हटलं, "ताई, मले बी एक टोचून दे न." पार्वतीनं दिलं! दर आठवड्याला. माझ्याच फ्रीजमधून, माझ्याच पाठीमागं. वर सुई नवीन लावली म्हणून पार्वतीला वाटे, आपण किती सांभाळून करून राह्यलो!

वनिताला ओकाऱ्या सुरू झाल्या तेव्हा फुटलं. मी दोघींना दंडाला धरून डॉक्टरकडे नेलं. सगळं ऐकून त्यानं कपाळाला हात लावला.

"अहो बाई, हे काय विरजण आहे का, शेजारणीला द्यायला? सुई बदलली म्हणून काय झालं? एकाचं पेन दुसऱ्याला लावायचंच नसतं! आणि वनिताबाई, तुम्हाला याची गरजच नाही. बंद!"

वनितानं "हो" म्हणून मान हलवली. बाहेर आल्यावर पार्वती मला हळूच म्हणते, "पण मावशी, नाही कसं म्हणावं वं? मागाले आलती थे!"

*

एका वास्तूला आलू-वांग्याची भाजी होती. वनितानं चाटलं, "उतरवा" म्हणाली, आम्ही उतरवली. पंगत बसली आणि मठ्ठ्याची बादली भरून नेतो तोवर रिकामी! जाताना घरचे म्हातारबुवा माझ्यापाशी आले. गरीब माणूस. हात जोडून म्हणाले, "बाई, मठ्ठा बाकी झकास होता!"

मी भाजी तोंडात टाकली. मीठ दुप्पट.

वनिताला गंजामागं नेऊन विचारलं. ती म्हणाली, "मावशी, वासानंच मळमळते. मी नुसती जीभ दाखवते हाताले."

डॉक्टरनं बंद कर म्हटलेलं तिनं बंद केलंच नव्हतं. दुसऱ्या गावच्या एका औषधाच्या दुकानातून, चिठ्ठीशिवाय आणत होती.

*

पंगती उठल्या की आम्ही पाची जणी एकाच परातीत जेवतो. ज्या बायका दुसऱ्यांचं रांधतात त्यांनी तरी एकत्र खावं, हा माझाच कायदा. परातीत खोटं बोलता येत नाही. जिच्यापुढचा भात तसाच, ती जेवली नाही.

वनितापुढचा भात तसाच राहायचा. बांगड्या कोपरापर्यंत चढायच्या, म्हणून तिनं त्यांना दोरा बांधला. गाल आत गेले, डोळे मोठे झाले. मी शिव्या दिल्या, घास तोंडाशी नेला, पाया पडायचंच बाकी ठेवलं. ती बिचारी हसून म्हणायची, "त्यायले एकदा येऊ द्या मावशी. मंग तुमच्या हातानं दोन भाकरी खाईन."

एक दिवस पार्वतीनं परात फिरवली. वनितापुढचा भात तिनं आपल्यापुढं ओढला आणि खाऊन टाकला. पोट भरलं होतं तरी!

*

आता शेवटचा. राळेगावकडे एका लग्नाचं काम होतं. नवरदेव दिनेशचा दोस्त. दिनेश पुण्याहून थेट मांडवात येणार होता, आणि लग्न आटोपलं की वनिताला घेऊन जाणार होता. तिनं नवी साडी नेसली, डोक्याला आमची स्वयंपाकाची टोपी घातली. मी म्हटलं, "आज चाखायचं काम माझं."

"नाही मावशी. आजच्या दिवस तरी मीच. त्यायच्या ताटात माह्या हातचं जाऊ द्या."

मी वरणाच्या गंजावरचं झाकण काढलं.

तिनं तळहातावर थेंब घेतला, डोळे मिटले. "उतरवा!"

पंगत बसली. पहिलं वरण पोरांनी वाढलं. दुसऱ्या फेरीला वनितानं स्वतः बादली उचलली. मी भाताची परात घेऊन तिच्या मागं. दिनेश ओळीच्या टोकाला बसला होता. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

त्यानं मान वर केली. तिच्याकडे चांगलं बघितलं, बांगड्यांच्या दोऱ्यापासून डोळ्यांपर्यंत.

"ताई," तो म्हणाला, "वरणात मीठच नाही हो."

वनितानं बादली खाली ठेवली.

"आणते भाऊ," म्हणाली, आणि मीठ आणायला गेली.