यादीत नसलेली सुमनआत्या

आत्याचं नाव मी लिहिलं नव्हतं.

आज सकाळी सव्वानऊ वाजता, बीडच्या दवाखान्यात फॉर्म भरताना, पेन नातेवाइकांच्या ओळीवर थांबलं.
आत्याला जाऊन आज वर्ष झालं.

त्याच्या आदल्या वर्षी आण्णांच्या, माझ्या वडिलांच्या, पोटात कॅन्सर निघाला होता. अगदी सुरुवातीचा. ऑपरेशनवर भागलं.

काढलेल्या गाठीची तपासणी झाली, मग रक्ताची. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "पेशी वाढताना जनुकांत चुका होतात. त्या दुरुस्त करणारी यंत्रणा यांच्यात जन्मापासून अधू आहे. म्हणून चुका साठत गेल्या. भावंडांत, मुलांतही हे असू शकतं. सगळ्यांची नावं आणा. दुखायच्या आधी तपासू."

माझी बारावी झाली नाही, पण अक्षर चांगलं. यादी माझ्याकडे आली.

दोन काका. त्यांची तीन मुलं. मी.
वय, आधारवरचं स्पेलिंग, सगळं दोनदा तपासलं.

"सुमनआत्याचं?" मी विचारलं.
"ती घाटनांदूरला दिली की. लेकींचं त्यांच्या घरचे बघतील," आण्णा म्हणाले.

मलाही ते बरोबर वाटलं. माझ्या सख्ख्या बहिणीचं, आक्काचंही नाव मी घातलं नाही.

त्या भाऊबीजेला आत्यानं अर्धीच करंजी खाल्ली.
"पित्त हाय रं. सोडा घेतला की उतरतंय."
रिपोर्टची फाइल तिच्या पाठीमागच्या कपाटात होती. मी तिला पाणी दिलं.

तिलाही तेच निघाल्याचं कळलं तेव्हा ऑपरेशनची वेळ गेली होती.

खाटेजवळ बसून मी तिला यादीचं सांगितलं. राहवलं नाही.
ती माझ्याकडं वळली. मग हसली.
"लगनाच्या पत्रिकेत बरं माझं नाव असतंय रं, पिंट्या. हितंच कावून न्हाई?"

मी खाटेच्या कडेवर डोकं टेकवलं.

"रडू नको. आक्काचं लिव्ह. आजच."

लिहिलं त्याच दिवशी. पण आक्काच्या सासरच्यांना पटवण्यात वर्ष गेलं. "धडधाकट सुनेला कशाला रोग चिकटवता?" म्हणायचे.

आज आक्का तपासणीला आलीय, शेजारी बसलीय. आण्णा समोरच्या बाकावर. यादीबद्दल ते कधीच बोलत नाहीत. सकाळी मात्र आमच्या आधी तयार होऊन उभे होते.

फॉर्मवर विचारलंय, नात्यात कोणाला कॅन्सर होता का?

"आधी आत्याचं लिही," आक्का म्हणाली.

आत्या, पहिल्या ओळीवर तुझं नाव आहे. पूर्ण, माहेरच्या आडनावासकट.

आक्काला आत्ताच आत बोलावलं, मीही सोबत जातोय.

येतो, आत्या. नमस्कार.