जयवंत घाडींचा अडकणारा व्हिडिओ

मरोळच्या औद्योगिक वसाहतीत जयवंत घाडी एकतीस वर्षं लेथवर होते. त्यांचा आवाज असा, की चालू मशीनवरून मारलेली हाक गेटवर ऐकू जायची. याच आवाजावर ते दरसाल रजा टाकून गावी जायचे आणि जत्रेतल्या दशावतारात राजा व्हायचे.

निवृत्तीनंतर दुसऱ्याच वर्षी घशात गाठ निघाली. कॅन्सर. डॉक्टरांनी जीव वाचवला, पण स्वरयंत्र काढावं लागलं. गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र मिळालं होतं. त्यातून निघालेली घरघर ऐकली आणि बायको शेवंती उठून मोरीत गेली, बराच वेळ नळ सोडून उभी राहिली. जयवंतनी ते यंत्र कपाटात ठेवलं ते ठेवलंच. तेव्हापासून ते पाटीवर लिहीत.

दिवस खायला उठायचा. मग त्यांनी घरभर पडलेले जुने फोन, सीड्या, कॅमेऱ्याची कार्डं गोळा केली. एका जुन्या कॉम्प्युटरला मोठी डिस्क जोडून सगळं त्यात भरलं, म्हणजे हॉलमधल्या टीव्हीवर हवं ते बघता येईल. लेक श्रुतिकाचं बारसं चाललं, तिचं लग्न चाललं. अडकायचा तो एकच व्हिडिओ, जावई सुबोधने नव्या कॅमेऱ्यावर घेतलेला शेवटच्या जत्रेचा. राजा तोंड उघडायचा, चार शब्द बोलायचा, की पडद्यावर गोल फिरायला लागायचं. मिनिटभराने पुढचे चार शब्द.

"ऱ्हवांदे ओ," शेवंती स्वयंपाकघरातून म्हणायची. "कित्याक जीवाक तरास करून घेतास?"

ते ऐकत नसत. आधी वायफायवर संशय घेतला. भिंतीच्या कडेने वायर ओढून टीव्हीला जोडली. तेच. राउटर बदलला. तेच. शेवटी कंपनीतल्या इलेक्ट्रिकलच्या धम्मपालला मेसेज केला. रविवारी दुपारी तो आला.

"हाच व्हिडिओ फोनवर लावून बघितलास?"

जयवंतनी नकारार्थी मान हलवली. धम्मपालने आपल्या फोनवर लावला. सुरळीत चालला. पण राजाच्या तोंडून पहिलं वाक्य बाहेर पडताच त्याने घाईघाईने आवाज बंद केला आणि थोडा वेळ वायरच तपासत बसला.

"नेटवर्क ठीक आहे रे," तो म्हणाला. "तुझा टीव्ही जुना. नव्या कॅमेऱ्याची फाइल त्याला वाचता येत नाही. म्हणून कॉम्प्युटर चालता चालता एकेक तुकडा बदलून देतो आणि धापा टाकतो. एकदाच सगळा बदलून ठेव. वेळ लागेल, पण मग अडकणार नाही."

दोन दिवस कॉम्प्युटर तापून घुमत होता. बुधवारी सकाळी काम संपलं. शेवंती आत भाकऱ्या थापत होती. एरवी जयवंत थेट नाटकावर जात, या वेळी त्यांनी व्हिडिओ सुरुवातीपासून लावला. नाटकाच्या आधीची तयारी होती ती. गावच्या घरापुढच्या खळ्यात ते तोंडाला रंग लावून बसलेले, अर्धी मिशी रंगवून झालेली. कुणीतरी काहीतरी म्हणालं, ते खदखदून हसले आणि घराकडे वळून ओरडले,

"शेवंते, वायच पाणी हाड गो!"

"हाडतंय!" आतून आवाज आला.

जयवंतना वाटलं, व्हिडिओतलाच. पण भांड्याचा आवाज झाला आणि शेवंती पिठाच्या हाताने पाण्याचा तांब्या घेऊन हॉलच्या दारात आली. आली, आणि तिथेच थबकली. पडद्यावर ते अजून बोलत होते, मोठ्यांदा, भरभरून, न अडकता. तिने टीव्हीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. तांब्यातलं पाणी हिंदकळून लादीवर सांडलं.

जयवंतनी रिमोट शोधला. बटण सापडेना.

"बंद करा," ती म्हणाली. मग खाली बसली आणि पदराने लादी पुसू लागली. पुसून झाली तरी पुसतच राहिली. ते उठून तिच्याजवळ जाऊन बसले. तांब्या उचलून बाजूला ठेवला. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला तेव्हा ती उठली.

त्यानंतर दोघांपैकी कुणीही त्या व्हिडिओचं नाव काढलं नाही.

महिनाभराने डिस्क भरत आली, म्हणून नको असलेल्या फायली काढायला जयवंत बसले. कुठला व्हिडिओ कधी बघितला, याची यादी कॉम्प्युटर ठेवतो. त्यांनी ती उघडली. त्या बुधवारनंतर जत्रेचा व्हिडिओ सव्वीस वेळा लागला होता. प्रत्येक वेळी सकाळी दहाच्या सुमारास, ते मासळी आणायला बाजारात जात तेव्हा. आणि प्रत्येक वेळी पहिली तीनच मिनिटं, पाण्याची हाक येईपर्यंत.

त्यांनी यादी बंद केली. दुसऱ्या दिवसापासून ते बाजारातून जरा उशिरा घरी येऊ लागले.