पायात रुळवून दिलेले बूट

"दोन मोजे घाल. तुझा घाम आत लागायला नको," मेमसाब म्हणाल्या आणि बुटांचा जोड व्हरांड्यातून माझ्या पुढ्यात टाकला.

पांढरं कातडं, घोट्याच्या वरपर्यंत, बाजूला लाल पट्टा. बास्केटबॉलचे बूट. खाणीतल्या इंजिनियर साहेबांच्या मुलीसाठी तिच्या मामानं परदेशातून आणलेले. आणीबाणी नुकतीच उठली होती. चिखला खाणीच्या अख्ख्या कॉलनीत असे बूट कोणी पाहिले नव्हते. नवं कातडं चावतं, म्हणून बंगल्यावर रीतच होती: नवा जोड आधी कामवाल्यांच्या घरच्या कुणाच्या तरी पायात रुळवायचा. आई तिथं भांडी घासायची. साहेबांची मुलगी आणि मी एकाच शाळेत, माप एकच. शाळेच्या बास्केटबॉल संघात मात्र मी होते, ती नव्हती.

मी नको म्हटलं. आई कानाशी लागली, "घाल ना माय. काहून माहं काम घालवून राहिली?"

घातले. टाच सोलली, करंगळीला फोड आले. मुलगी रोज विचारायची, "अजून टोचतात?" मी खरं सांगायची. दिसायला देखणे, आतून दगड. मग हळूहळू बूट नरमले. एका संध्याकाळी शाळेच्या मैदानावर उडी मारून खाली आले, तर पायांना खालचं सिमेंट लागलंच नाही. अनवाणी खेळताना दर उडीला मी दात आवळायची. असल्या बुटांची खरी किंमत मला तेव्हा कळली.

दुसऱ्याच दिवशी मेमसाबांनी जोड परत मागितला. आईनं आतून ओल्या फडक्यानं पुसून दिला.

मग शाळेत फर्मान निघालं. भंडाऱ्याच्या सामन्यात ज्यांच्याकडे बूट आहेत त्याच खेळतील. माझ्या जागी साहेबांची मुलगी. आयत्या बिळावर नागोबा, आणि बीळ मीच खणून दिलेलं. सर म्हणाले, "तू पण चल. पाणी द्यायला कोणीतरी लागेल." गेले. पाणी दिलं. तिलाही दिलं. दुसरं काय करणार होते?

पुढच्या वर्षी नवा जोड आला.

"मोजे आठवतात ना?" मेमसाब म्हणाल्या.

आई डोळ्यांनीच विनवत होती. तेच मला सहन होईना.

"मी नाही घालत."

"काय?"

"नाही घालत. बूट तुमच्या मुलीचे आहेत, तिचेच पाय सोलू द्या."

आईचं काम त्याच दिवशी सुटलं. घरी येऊन तिनं मला मारलं आणि भिंतीकडे तोंड करून पडली. चूल पेटली नाही. संघातून माझं नाव गेलं ते गेलंच. मी काहीच जिंकले नाही. तिच्या पाठीकडे बघत एवढंच ठरवलं: दुसऱ्याच्या सुखासाठी माझं कातडं सोलू देणार नाही. मी उपाशी राहिले तरी नाही. आई उपाशी राहिली तरी नाही.