हडपसरची कोरडी बोट

आमचं दुकान स्टिकरचं, त्यामुळे किस्सेही भिंतीला चिकटलेले! एक सोलायला जावं तर खालून दुसरा निघतो. पण बोटीचे किस्से सगळ्यांत वर.

हडपसरला आयटी पार्क आलं, तसे आमचे मालक अण्णा रिक्षांच्या नंबर प्लेटवरून थेट कंपन्यांच्या बसची स्वप्नं बघायला लागले. आणि खरंच एका कंपनीचे साहेब आले! म्हणाले, "माझ्या बोटीला व्हिनाइलचं आवरण लावा, कंपनीच्या नावासकट. जमलं तर कंपनीच्या सगळ्या बस तुमच्या."

अण्णा तोऱ्यात म्हणाले, "जमलंच समजा!"

साहेब गेल्यावर मला हळूच विचारतात, "काय गं, तू कधी बोटीत बसलीयेस?" मी तर बोट चित्रातच पाहिलेली!

*

ट्रेलरवरची बोट दारात उभी राहिली आणि निम्मं गाव गोळा झालं. शेजारचे ज्ञानूमामा म्हणाले, "आरं, हितं पानी कुठं हाय?"

अण्णा म्हणाले, "आमच्या सोसायटीत नळ बसवून वर्ष झालं. पाणी यायचंय. हेही तसंच." मामा मान डोलावत चहाला बसले.

*

बोटीचं पोट गोल. व्हिनाइल ताणावं तर सुरकुत्या, सोडावं तर फुगे! त्यात व्हिनाइल तापवून बसवायची आमची हीटगन ऐन वेळी जळाली. अण्णांच्या बायकोने, म्हणजे आमच्या वहिनींनी, घरून केस वाळवायचा ड्रायर आणून अण्णांच्या हातात दिला. "इतक्या वर्षांत माझ्या केसांकडे एवढं बघितलं असतंत तर!"

अण्णा ड्रायर फिरवत राहिले. शेवटचा फुगा बसला तेव्हा आम्ही शिट्ट्या मारल्या.

*

अक्षरं कुठे लावायची? अण्णांचा स्वप्नातल्या बसचाही नियम ठरलेला: कंपनीचं नाव खाली, रस्त्यावरच्या माणसाच्या नजरेसमोर. बोटीलाही तसंच. हातभर उंचीची, पिवळीधमक! ट्रेलरच्या चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला. साहेबही खूश. मला तर अगदी भरून आलं.

*

रविवारी धरणावर पाहुणे जमले. फोटोग्राफर सज्ज. बोट घसरत पाण्यात उतरली. टाळ्या! मग साहेब चढले, मेहुणे चढले, मेहुण्यांची मंडळी चढली. आणि पिवळी अक्षरं पाण्याखाली गुडुप!

गेल्या बस हातच्या!

अण्णांनी काठावरून हाक मारली, "साहेब, चार पाहुणे उतरवा, अक्षरं वर येतील!"

साहेबांनी वाकून पाण्यात पाहिलं.

"राहू द्या, अण्णा. उद्या बस पाठवतो. ती तरी बुडत नाही."