लेट गाडीचं रिझर्वेशन
कूलरमधल्या ओल्या खसचा वास आला की माझं डोकं आजही तापतं. त्या मे महिन्यात ब्राह्मणपारा मोहल्ल्यातल्या आमच्या घरी एसी येणार होता, पण रेल्वेतून रिटायर झालेल्या बाबांनी त्याचे पैसे परस्पर एका वीज कंपनीच्या कॉल ऑप्शनमध्ये घातले. ‘एवढी गर्मी पडून राहिली, घरोघरी कूलर चालू, मंग विजेचा शेअर चढन नाही तं काय होईन!’ शेअर मात्र हलेना आणि ऑप्शनची किंमत रोज थोडी थोडी विरघळत गेली. ‘बाबा, हा शेअर नाही. महिनाअखेरपर्यंत ठरलेल्या भावानं शेअर घ्यायचा फक्त हक्क आहे. रिझर्वेशनच समजा, त्या तारखेची गाडी गेली की तिकीट रद्दी. आजच विकून टाका, अर्धे तरी वाचतीन,’ मी घामाघूम होऊन परत परत सांगत होते. बाबा बनियनवर कूलरसमोर बसून शांतपणे टरबूज खात होते. ‘गाडी लेट होते पोरी, पण येते. मले नको शिकवू.’ महिना संपला आणि मोबाईलवर ऑप्शनच्या जागी शून्य उरलं. पुढच्याच आठवड्यात शेअर असा उसळला की बाबांनी गल्लीत पेढे वाटले. ‘अहो बाबा, आपले पैसे गेले!’ मी ओरडले. ‘भाव वाढला ना? मंग पैसे काहून जातीन?’ अजूनही उन्हाळ्यात तो शेअर चढला की ते मला हाक मारून विचारतात, ‘आली का नाही गाडी?’ आणि मी त्याच कूलरात बादलीनं पाणी ओतत म्हणते, ‘आली, बाबा.’