आत्याचं स्टूल

माझी आत्या शर्टाच्या कारखान्यात कॉलर शिवते. युनियनच्या सभेत बोलली म्हणून मालकाने तिला काढलं, तेव्हा ती कोर्टात गेली. तिथे तडजोड झाली, की तिला तिच्या जुन्याच कामावर परत घ्यायचं. मालकाने परत घेतलं, पण मशीन दिलं नाही. संडासाच्या दाराशी एका स्टुलावर बसवून ठेवलं. पगार मात्र चोख, म्हणजे तक्रारीला जागा नको. मोठा शहाणा.

बाबा म्हणाले, "ताई, बसून पगार मिळतोय, कशाला नसती उठाठेव?"

"मी काय शोभेची बाहुली आहे?" असं म्हणून आत्याने कोर्टाच्या अवमानाचा अर्ज ठोकला.

सुनावणीला मालक काकुळतीला आला. त्याने हात जोडून न्यायाधीशांची माफी मागितली. ते ती मान्य करणार, एवढ्यात आत्या उठली.

"साहेब, तुमची माफी मागून झाली. पण स्टुलावर तुम्ही नव्हता, मी होते."

मालक वळला आणि मान खाली घालून त्याने तिचीही माफी मागितली.

दुसऱ्या दिवशी आत्या मशीनवर बसली. ते स्टूल तिने शेजारी मागून घेतलंय. त्यावर ती डबा ठेवते, माणसाला बसू देत नाही.