पांढऱ्या गाडीची न झालेली फेरी

फेऱ्या मोजायला मला बोलावलं, कारण मी गणित शिकवते. यात्रा कमिटीचे अध्यक्ष, गावचे सरपंचही तेच, स्वतः शाळेत आले. मुख्याध्यापकांच्या खोलीत चहा पिता पिता म्हणाले, "बाई, यंदा मोटारींची शर्यत ठेवलीय. धुरळा लई उडतो, गाड्या सहा, कुणाची कितवी फेरी ते मागून कुणाच्या ध्यानात राहत न्हाय. तुम्ही आन खेळाचे सर, दोघं बसा. दोघांचे दोन कागद असले म्हंजे भांडणाला जागाच न्हाय."

मी हो म्हटलं. त्यांचा एक पुतण्या शर्यतीत उतरणार आहे, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. खेळाच्या सरांना माहीत होतं. आम्ही दोघं नऊ वर्षं एका टेबलावर डबा खात होतो, पण ते बोलले नाहीत.

या गाड्या म्हणजे लोखंडी पाइपांचा सांगाडा. मधे एका माणसापुरती जागा, पाठीमागं इंजिन आणि चारही चाकं उघडी, अंगाबाहेर काढलेली. वर टप नाही, चाकांवर मडगार्ड नाही. उमरगा, लोहारा, मुरुमच्या गॅरेजवाल्यांनी जुन्या गाड्यांची इंजिनं काढून स्वतः जोडलेल्या. गावाबाहेरच्या माळावर रोलर फिरवून लंबगोल रस्ता केला होता, कडेनं कडब्याच्या पेंढ्या रचल्या होत्या आणि मांडवासमोर पांढऱ्या फक्कीची जाड रेघ आखली होती. त्या रेघेवरून जो आधी वीस वेळा जाईल तो जिंकला. नियम इतका साधा होता.

सहापैकी एक गाडी लाल होती, आणि ती चालवणारी माझी जुनी विद्यार्थिनी होती. मुरुमला नोकरीला असताना मी तिला नववी-दहावीला शिकवलं. घरात कानडी बोलणारी, वर्गात फार न बोलणारी पोरगी. वडिलांचं ट्रॅक्टरचं गॅरेज होतं. त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि हिनं कॉलेज सोडून पाना हातात घेतला. सुरुवातीला गिऱ्हाइकं दारातूनच विचारायची, "मिस्त्री कुठंय?" ती म्हणायची, "मीच हाय, गाडी आत घ्या." हे तिनंच मला सांगितलं, शर्यतीच्या सकाळी. दहा वर्षांनी भेटत होती. मनगटापर्यंत काळं ऑइल आणि चेहऱ्यावर झोप न झालेली.

"बाई, तुम्ही मोजणार व्हय? मग बरं हाय," ती म्हणाली.

"मी सगळ्यांच्याच मोजणार गं."

"तेच म्हन्ते मी."

शर्यत दुपारी चारला सुटली. मी प्रत्येक गाडीसाठी एक रकाना आणि प्रत्येक फेरीसाठी एक ओळ केली होती, गाडी रेघेवरून गेली की त्या ओळीत एक उभी रेघ. शेजारी खेळाचे सर तसाच कागद घेऊन बसले होते. रेघेजवळ निशाण घेऊन एसटीतून निवृत्त झालेले एक ड्रायव्हरकाका उभे होते, सत्तरीचे, डोक्यावर टोपी. टँकरनं पाणी मारूनही तिसऱ्या फेरीपासून धुरळा उठला. पांढरी गाडी सगळ्यांत पुढं. ती पुण्याहून ट्रकवर चढवून आणलेली, अध्यक्षांच्या पुतण्याची. चांगली गाडी होती, आणि तो चालवतही चांगला होता. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढं जे झालं त्यात त्याच्या चालवण्याचा दोष नव्हता.

बाराव्या फेरीनंतर पांढरी गाडी वळणावर कडब्यात घुसली. तिचं पुढचं चाक वाकडं झालं. त्याच्या माणसांनी ती बाजूला ओढली, चाक बदललं आणि परत रस्त्यावर ढकलली. तेवढ्या वेळात बाकीच्या पाचही गाड्या पूर्ण एक फेरी मारून गेल्या. माझ्या कागदावर पांढरीच्या रकान्यात ती जागा मोकळी राहिली. मी सरांना म्हटलं, "पांढरीची एक गेली." ते म्हणाले, "व्हय, गेली." त्यांच्याही कागदावर जागा मोकळी होती. मी डोळ्यांनी पाहिली.

पांढरी गाडी परत आली ती लालच्या मागं. आता लाल सगळ्यांत पुढं होती आणि पांढरी तिच्या पाठीवर दिसत असली तरी एका फेरीनं मागं होती. लोकांना हे कुठलं कळायला? त्यांना दोन गाड्या दिसत होत्या, एक पळतेय, एक पाठलाग करतेय. माळ नुसता ओरडत होता. शेवटच्या फेरीला, मांडवाच्या अलीकडं, पांढरीनं लालला गाठलं आणि हातभर पुढं निघून रेघ ओलांडली. काकांनी निशाण खाली आणलं. लाऊडस्पीकरवरून पांढऱ्या गाडीचं नाव घोषित झालं. गुलाल उधळला गेला.

लालच्या वीस झाल्या होत्या. पांढरीच्या एकोणीस.

मी कागद घेऊन स्टेजवर गेले. अध्यक्षांना म्हटलं, "थांबा, निकाल चुकलाय." त्यांनी कागदाकडं पाहिलंच नाही, माझ्याकडं पाहिलं.

"बाई, अख्ख्या माळानं बघितलं कोण पुढं आलं ते."

"माळानं शेवटची रेघ बघितली. मी वीसच्या वीस बघितल्या."

"धुरळ्यात एखादी निसटती."

"माझ्याकडून निसटली असेल तर सरांचा कागद बघा. त्यासाठीच दोन कागद केले ना तुम्ही?"

ते हसले आणि मांडवात गेले. मी मागोमाग. सर खुर्चीवरच बसले होते. अध्यक्ष त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "सर, एकदा नीट बघा बरं." एवढंच. धमकी नाही, आवाज चढवणं नाही. सरांनी कागद मांडीवर घेतला, खिशातून पेन काढलं आणि त्या मोकळ्या जागेत एक उभी रेघ ओढली. माझ्यासमोर. मग कागद अध्यक्षांच्या हातात दिला आणि बुटाची नाडी बांधायला वाकले. नाडी सुटलेली नव्हती.

मी म्हटलं, "सर, हे काय केलं तुम्ही?"

ते खालूनच म्हणाले, "बाई, यात्रा हाय. जाऊ द्या."

त्या 'जाऊ द्या'चा मला जो संताप आला तो मी अजून विसरलेले नाही. वर्गात एखाद्या पोरानं दुसऱ्याचं उत्तर उतरवलं तर हेच सर त्याला मैदानाला पाच चकरा मारायला लावतात.

तोवर लाल गाडीवाली आली होती. हेल्मेट काखेत, तोंड मातीनं भरलेलं, फक्त डोळ्यांभोवती गोरं. तिला हिशेब माहीत होता. पांढरी बाजूला उभी असताना तिनंच तिला दोनदा ओलांडलं होतं. ती अध्यक्षांना म्हणाली, "काका, मला चषक नसला तरी चालंल. माझी फेरी कुठं गेली तेवढं सांगा."

"तुझी फेरी हाय की. वीस हायेत तुझ्या."

"मग त्याची विसावी कुठनं आली?"

अध्यक्ष माझ्याकडं वळले. "ही तुमची विद्यार्थिनी ना, बाई? आमाला आधी सांगाया पायजे व्हतं."

मी खोटं बोलले नव्हते, पण एका वाक्यात त्यांनी माझा कागद पक्षपाती करून टाकला होता. स्वतःचा पुतण्या गुलालात न्हाऊन दहा पावलांवर उभा असताना. आजूबाजूची माणसं माना हलवायला लागली, हां, म्हणजे असं आहे तर. 'आणि पुतण्या तुमचा ना?' असं मला तेव्हाच उलट विचारायला हवं होतं. सुचलं ते घरी, भाकरी थापताना. तवा आपटला मी चुलीवर.

त्यानंतरचे तीन आठवडे मी शाळेत सरांशी बोलले नाही. डबा वर्गातच खाल्ला. एकदा ते व्हरांड्यात म्हणाले, "माझी बदली अध्यक्षांच्याच हातात हाय, बाई, जिल्ह्याला वळख त्यांची हाय. आई अंथरुणावर हाय, तिला सोडून मी कुठं लांब भूम-परांड्याला जाऊ?" मला त्यांच्या आईबद्दल वाईट वाटलं. राग तरीही तसूभर कमी झाला नाही. बदली थांबवायला त्यांनी स्वतःचं काही दिलं असतं तर मी गप्प बसले असते. त्यांनी त्या पोरीची फेरी दिली.

एक मेच्या ग्रामसभेत मी उभी राहिले. तिलाही मुरुमहून बोलावलं होतं. ती दाराशी बायकांच्या घोळक्यात बसली. मी माझा कागद पहिल्या फेरीपासून मोठ्यानं वाचला. कितव्या वेळी कोण कोण गेलं, तेराव्या वेळी कोण गेलंच नाही. वाचून झाल्यावर अध्यक्ष म्हणाले, "हा विषय आजच्या पत्रिकेवर न्हाय. बाईंचं म्हणणं ऐकून घेतलं." सर मागच्या रांगेत मोबाइल बघत होते.

ती जागेवरून म्हणाली, "बाई सांगत्यात ते खरं हाय का खोटं, एवढं तरी कुणी सांगा."

मग भिंतीला टेकून बसलेले निशाणवाले काका उठले. टोपी काढली. म्हणाले, "निशाण म्या पाडलं. कागद इचारून पाडाया पायजे व्हतं, म्या नुसतं डोळ्यांनी बघितलं. पोरी, चूक माझी हाय."

ज्याचा दोष सगळ्यांत कमी, तोच एकटा माणूस माफी मागत होता. मला रडू आलं ते रागानं. अध्यक्षांनी "बसा, बसा काका" म्हणत पुढचा विषय घेतला, पाण्याच्या टाकीचा. चषक पुण्यालाच राहिला.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "काका बोलले, तेवढं बास मला." मी म्हटलं, "मला नाही बास." ती हसली, "बाई, तुम्ही गणिताच्या पेपरातबी अर्धा मार्क सोडीत नव्हता." आणि मोटारसायकलला किक मारून मुरुमला गेली. गॅरेजात एक ट्रॅक्टर उघडून ठेवला होता तिनं.

पुढच्या वर्षी कमिटीचा माणूस पुन्हा शाळेत आला. मी सांगितलं, आधी लाऊडस्पीकरवरून मागच्या वर्षीचा निकाल दुरुस्त करा, मग बसते. तो विचारून सांगतो म्हणाला आणि परत आला नाही. त्यांनी दुसऱ्या गावचे दोन मास्तर बसवले. मी घरी बसायचं ठरवलं होतं, पण चार वाजायच्या आत माझं मलाच राहवलं नाही. माळाच्या कडेला बांधावर उभी राहिले, पर्समधून पेन्सिल काढली आणि मोजायला लागले. शेजारच्या बायका म्हणाल्या, "बाई, तुम्हाला कुणी सांगितलंय आता?" मी म्हटलं, "कुणी नाही."

लाल गाडी आली होती. इंजिन मधेच अडखळत होतं, वळणावर दोनदा मागचं चाक घसरलं. माझे आणि त्या मास्तरांचे आकडे शेवटपर्यंत जुळले. ती तिसरी आली. खरोखर तिसरी. गाडीतून उतरल्यावर ती आधी माझ्याकडं आली. काही न विचारता माझ्या हातातला कागद घेतला आणि बोट ठेवत ठेवत स्वतःचा रकाना वरपासून खालपर्यंत मोजला.

"बरोबर हाय," ती म्हणाली आणि गाडीकडं गेली.

खेळाचे सर त्या दिवशी पलीकडच्या बांधावर होते. त्यांनी हात वर केला. मी केला नाही.